धन्यवाद म्हणणारं पान

माझे मामा एक पाय आखूड असलेल्यांसाठी बूट बनवतात. एकाचा तळ जाड, दुसऱ्याचा साधा, तरी बघणाऱ्याला जोडी सारखीच दिसते. पण गेल्या सात महिन्यांत त्यांच्याकडे एकही नवीन माणूस आला नव्हता, आणि मामांनी कारणही ठरवून टाकलं होतं. आपला हात थरथरतो, हे लोकांना कळलंय. शनिवारी बुटांचे साचे आणि हत्यारं विकत न्यायला एक व्यापारी येणार होता.

हात थरथरतो, पण कप धरताना. चामड्यावर सुरी टेकली की तो दगडासारखा स्थिर होतो. हे मी त्यांना शंभरदा सांगितलं, पण मामा कुणाचं ऐकतील तर शपथ.

लोकांच्या वेबसाइट सांभाळणं हा माझा धंदा, आणि मामांची साइटही माझीच करणी. गुरुवारी मी त्यांच्या कारखान्यात लॅपटॉप घेऊन ठाण मांडलं. साध्या फोनवर पान उघडायला चौदा सेकंद लागत होते, कारण बुटांचे फोटो मी आळशीपणाने मूळ आकारातच चढवले होते. ते लहान केले, खालचे फोटो खाली सरकल्यावरच यावेत अशी सोय केली. पान दीड सेकंदात उघडायला लागलं. मामांनी बघितलं, छान म्हणाले, आणि पुन्हा साचे कागदात गुंडाळायला लागले.

जाता जाता माप घेण्याची वेळ मागायचा फॉर्म मी स्वतः भरून पाहिला. ‘धन्यवाद, लवकरच कळवतो’ असं पान आलं. मामांच्या मेलवर मात्र काहीच नाही. पुन्हा भरला, पुन्हा धन्यवाद.

सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा पाठवतो. २०० म्हणजे काम झालं, ४०४ म्हणजे असं पान नाही, ५०० म्हणजे सर्व्हरचंच काही बिघडलंय. माझी पहारा देणारी यंत्रणा एवढे आकडेच वाचते. दोन वर्षांपूर्वी फॉर्म अडकून ५०० दिसलं, तेव्हा मामा फार ओशाळले होते. आलेल्या माणसाला असलं काही दाखवू नकोस म्हणाले. त्यांचं मन राखायला मी काहीही झालं तरी धन्यवाद आणि २०० जाईल असं करून ठेवलं. पुढे मी मेलचा पासवर्ड बदलला आणि नवा साइटमध्ये टाकायला विसरले. सात महिने एकही मेल गेला नाही, आणि यंत्रणा मला सगळं ठीक आहे म्हणून सांगत राहिली. कामात फोन नको म्हणून साइटवर नंबरही नव्हता.

सर्व्हरच्या नोंदींत अडकलेली पत्रं सापडली. चौसष्ट.

गुपचूप दुरुस्त करून, पान जलद झालं म्हणून लोक यायला लागले, असं म्हणता आलं असतं. क्षणभर तसं मनात आलंही, याची मला अजून लाज वाटते. मी लॅपटॉप मामांपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा लावून पत्रं वाचली. एका बाईंनी मुलीसाठी तीनदा लिहिलं होतं. तिसऱ्या पत्रात फक्त एवढंच होतं, की नाही म्हणायचं असेल तर तसं तरी कळवा.

“म्हणजे हाताचं नव्हतं,” मामा म्हणाले.

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फोन ओढून घेतला.

संध्याकाळपर्यंत ते एकेकाला फोन करत होते. बऱ्याच जणांनी दुसरीकडून बूट घेतले होते. दोघांनी चांगलंच सुनावलं. प्रत्येकाला मामा तेच सांगत होते, की चूक माझी झाली, माफ करा. मी शेजारी बसून सव्वीस वेळा ते ऐकलं.

सत्ताविसावा फोन त्या बाईंना होता. मामांनी तोंड उघडायच्या आत मी फोन हातातून घेतला.

“मी त्यांची भाची. तुमची तिन्ही पत्रं माझ्या चुकीमुळे त्यांच्यापर्यंत पोचली नाहीत. त्यांनी कधीच नाही म्हटलं नव्हतं.”



“तिचा पाय आता वाढलाय,” बाई म्हणाल्या. “नव्याने माप घ्यावं लागेल. शनिवारी आलं तर चालेल?”

मी मामांकडे बघितलं. ते साच्यांवरचा कागद सोडत होते.

“चालेल,” मी म्हणाले.