टकटक कुणी ऐकली

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. दीड महिना रोज टकटक करून सांगत होते, की माझं काही खरं नाही, माझ्या पोटातलं काय काढून घ्यायचं ते काढून घ्या. पण ज्या घरात तोंडानं बोलणारीचं कुणी ऐकत नाही, तिथं टकटकणारीला कोण विचारतो?

मी हार्ड डिस्क बोलतेय. लॅपटॉपच्या पोटात असते ना, ती. आता पोटात नाही, पत्र्याच्या डब्यात आहे. डब्यात कशी आले ते सांगते. मध्ये कुणी बोलू नका.

माझा जन्म झाला ती जागा इतकी स्वच्छ, की माणसांनाही डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून आत यावं लागायचं. माझ्या आत आरशासारख्या गुळगुळीत दोन चकत्या आणि त्यांच्यावरून फिरणारी एक सुई. ही सुई चकतीला शिवत नाही. केसाहूनही बारीक फट सोडून वरून फिरते आणि वाचते. शिवली की कारभार आटोपला.

आणि मी गेले कुणाच्या घरी? जिची सगळी हयात सुई टोचण्यात गेली तिच्या.

अख्खी गल्ली तिला टाकेबाई म्हणते. शाळा चौथीपर्यंत, जीभ मात्र पदवीधर. पुढच्या खोलीत तिचं भरतकामाचं मोठं मशीन. ते सुरू झालं की भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं आणि तिचा नवरा आतल्या खोलीतून ओरडायचा, "भूकंप संपला की चहा दे."

"हात आहेत ना तुम्हाला?" हे तिचं उत्तर. भांडण नव्हे, रोजचं बोलणं.

लॅपटॉप घरात आला त्या दिवशी तिनं दुकानदाराला विचारलं, "हा बिघडला तर?" तो म्हणाला, "तीन वर्षं वॉरंटी आहे, ताई." तिनं वॉरंटीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी उशीच्या अभ्र्यात आणि अभ्रा कपाटात. मग तो पत्र्याचा डबा काढून लॅपटॉपला दाखवला. खरंच दाखवला. म्हणाली, "नीट वाग. नाहीतर इथं येशील."

त्या डब्यात घरातल्या मोडक्या वस्तू. प्रत्येकीला चिकटपट्टीनं लावलेली एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर कुणी मोडली त्याचं नाव. कात्री, धाकटी नणंद. मशीनचा पाय, टेम्पोवाला. चष्मा, नवरा. कपाचा कान, पुन्हा नवरा. लिहिताना ती एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायची, शाळेत शिकवलं होतं तसं. डब्यात खोटी चिठ्ठी जायची नाही, हा नियम. एकदा नवऱ्यानं फुटक्या टॉर्चवर मांजराचं नाव लिहिलं, तर तिनं ती चिठ्ठी फाडून त्याच्याच हातून दुसरी लिहून घेतली.

पहिली अडीच वर्षं माझी भरभराटीची. ती चौकटीच्या कागदावर पेन्सिलनं नक्षी काढायची, त्या कागदाचा फोटो लॅपटॉपवर घ्यायची आणि मग त्यावर एकेक टाका बसवायची. एका पानाला दोनशे टाके, एका फुलाला दोन हजार. वेली, मोर, कोयऱ्या, एक बदक तर असं की त्याच्या डोळ्यात चक्क वैताग दिसायचा. ते तिनं नवऱ्यावरून काढलं होतं. तीनशे बारा नक्षी, सगळ्या माझ्या पोटात. वायर लावली की माझ्यातून मशीनला जायच्या आणि चादरींवर उमटायच्या. माणसं लांबून यायची. "ही नक्षी दुसरीकडं मिळत नाही," म्हणायची. "कशी मिळेल? ही माझ्या डोक्यातली आहे," टाकेबाई म्हणायची.

मग तिची बोटं आखडायला लागली. आधी सकाळच्या वेळी, नंतर दिवसभर. पेन्सिल धरली की रेघ वाकडी. डॉक्टर म्हणाले, सांधे आहेत, आता असंच चालणार. ती घरी आली, पेन्सिल डब्यात टाकायला निघाली, मग थांबली. चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहिणार? पेन्सिल तशीच खिडकीत ठेवली. "तीनशे बारा आहेत," नवऱ्याला म्हणाली. "मरेपर्यंत पुरतील."

म्हणजे बघा. तिचे हात आता माझ्यात होते.

वॉरंटी संपायला महिना उरला आणि माझी सुई चुकायला लागली. चकतीवरचं सापडेना. सुई परत जागेवर यायची, पुन्हा निघायची, पुन्हा परत यायची. त्याची टकटक.

टाकेबाईनं पहिल्याच दिवशी ऐकली. मशीन बंद केलं, कान लावला. "अहो, आतून वाजतंय."

"काय वाजतंय?"

"दारात उभं राहून कुणीतरी नखानं वाजवावं तसं."

नवऱ्यानं कान लावला. "तुझ्या मशीननं तुझे कान गेलेत," म्हणाला आणि पेपरात शिरला.

ती एकटीच मला पिशवीत घालून सर्व्हिस सेंटरला गेली. काचेचं काउंटर, टोकनचा कागद, एसीची हाडं गोठवणारी थंडी. टाय लावलेला एक माणूस पुढं आला. त्यानं लॅपटॉप चालू केला. सगळे ऐकत राहिले.

मी गप्प.

डॉक्टरच्या दारात गेल्यावर पोराचा खोकला थांबतो ना, तसं झालं. त्या गारव्यात माझी सुई कधी नव्हे ती सरळ चालली. ही माझी चूक. ती मी लपवणार नाही.

"मॅडम, काही आवाज नाही."

"मग मी काय दोन गाड्या बदलून तुम्हाला बघायला आले?"

"टेस्टही पास आहे. घरात शिकलेलं कुणी आहे का? त्यांनी ऐकलाय का आवाज?"

"आहे ना शिकलेला," टाकेबाई म्हणाली. "पण तो बहिरा आहे. तुमच्यासारखाच."

टायवाल्यानं कागदावर शिक्का मारला. दोष आढळला नाही.

घरी आल्यावर मी पुन्हा टकटक सुरू केली. तिनं माझ्यावर, म्हणजे लॅपटॉपच्या पाठीवर, एक चापट मारली. "तिथं दातखीळ बसली होती का गं?"

रविवारी लेक आणि जावई आले. जावई विमा कंपनीत दिवसभर स्क्रीनसमोर बसतो, म्हणून घरातला इंजिनिअर तोच. स्वभावानं चांगला. सासूला आई म्हणतो, जेवल्यावर ताट उचलतो. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "आई, पंखा आहे हा. सगळ्यांचे वाजतात."

"पंखा घरघरतो. हे टकटकतंय."

"आई," लेक म्हणाली, "ह्यांना कळतं त्यातलं. तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

"बरं, तुमच्या समाधानासाठी सगळं पेन ड्राइव्हमध्ये घेतो," जावई म्हणाला. स्क्रीनवर 'नक्षी' नावाचं पिवळं चित्र होतं. कोपऱ्यात इवलासा बाण. त्यानं ते चित्र ओढलं आणि पेन ड्राइव्हमध्ये सोडलं. "झालं."

टाकेबाई बघतच राहिली. "इतक्यात? अडीच वर्षं लागली मला काढायला."

"नवा पेन ड्राइव्ह आहे, आई. फास्ट आहे."

आता माझी गोष्ट ऐका. माझ्याकडून खरंच काही न्यायचं असेल तर सुईला धावावं लागतं, चकत्या तापतात. त्या दिवशी मला कुणी काही मागितलंच नाही. मी वाट बघत बसले. ते पिवळं चित्र म्हणजे नक्षी नव्हती, नक्षी कुठं आहे ते दाखवणारी नुसती पाटी होती. त्यानं गावाची पाटी उपटून नेली आणि गाव घेतलं म्हणाला.

टाकेबाई हुशार. म्हणाली, "उघडून दाखवा." त्यानं त्याच लॅपटॉपवर पेन ड्राइव्हमधलं चित्र उघडलं. पाटीनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि मला विचारणा झाली. मी दिल्या. वेली, मोर, वैतागलेलं बदक, सगळं दिलं. मागितलं की द्यायचं, एवढंच मला शिकवलंय. "बघा, आहे की नाही?" जावई म्हणाला. होतंच. पण ते मी दाखवत होते, पेन ड्राइव्ह नाही.

"आता कपाटातले ते चौकटीचे कागदही काढून टाक," लेक म्हणाली. "वाळवी लागेल. दोन-दोन ठिकाणी आहे ना सगळं."

पुढच्या आठवड्यात रद्दीवाला आला. टाकेबाईनं गठ्ठा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. त्या वेळी मी जीव तोडून टकटक केली. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाली, "पंखा आहे." आणि गठ्ठा दिला.

वॉरंटी संपली. मी आणखी एकोणीस दिवस ओढले. विसाव्या दिवशी सकाळी अकराला, चादरीवरची कोयरी अर्धी झालेली असताना, सुई चकतीला शिवली.

स्क्रीन काळी झाली, वर पांढरी अक्षरं. टाकेबाईनं तत्काळ लॅपटॉप बंद केला. "याला आता कुणी हात लावायचा नाही," म्हणाली. हे तिचं बरोबर होतं. त्या वेळी चकतीला एवढासा ओरखडा होता.

घरात कुणी फारसं घाबरलं नाही. पेन ड्राइव्ह होता ना! लेकीनं तो आपल्या लॅपटॉपला लावला, पिवळं चित्र उघडलं. नुसता निरोप आला, की ही जागा सापडत नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. लेकीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावला. "अरे," म्हणाला, एवढंच.

मग तो माझ्यामागं लागला. चालू कर, बंद कर. चालू कर, बंद कर. टाकेबाई म्हणाली, "हात लावू नका म्हणाले ना मी."

"आई, थांब गं, त्यांना करू दे. आधीच त्यांना वाईट वाटतंय."

टाकेबाई थांबली. माझ्या आयुष्यात दुसऱ्याच्या शब्दावर तिला माघार घेताना मी दोनदाच पाहिलं, रद्दीच्या वेळी आणि आता, दोन्ही वेळा चुकीच्या जागी.

चाळीस वेळा तरी त्यानं मला फिरवलं. प्रत्येक फेरीला सुई चकती नांगरत गेली. मग त्यानं कुठंतरी वाचलं की डिस्क गार केली की चालते. मला बाहेर काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मटारांशेजारी ठेवलं. दुपारभर. बाहेर काढल्यावर ओल सुटली, आणि तशीच ओली मला पुन्हा फिरवली.

नंतर मी डिस्कच्या दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी, जाड चष्म्याच्या, मला काचेच्या पेटीत उघडलं आणि तीन आठवड्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"काहीही निघणार नाही," त्या म्हणाल्या. "चकत्यांचा भुगा झालाय. बंद पडल्यावर किती वेळा चालू केली?"

जावई खिशातल्या पेन ड्राइव्हशी चाळा करत राहिला.

"पहिल्या वेळीच आणली असती, तर जवळजवळ सगळं निघालं असतं. आधी काही आवाज येत नव्हता का?"

"विजेचा झटका बसला असेल," नवरा म्हणाला.

"कंपनीच चोर," लेक म्हणाली. "वॉरंटी संपायची वाट बघत असतात."

"डिस्कच खराब निघाली," जावई खाली बघून म्हणाला.

मी! ऐकलंत?

टाकेबाईनं मला उचलून पर्समध्ये टाकलं. "चला," म्हणाली. घरी पोचल्यावर फक्त जावयाला म्हणाली, "जावईबापू, मटार टाकून द्या. ओले झालेत." तो हसला नाही. कुणीच हसलं नाही.

मशीन त्या दिवसापासून गप्प आहे. त्याच्या स्वतःच्या डोक्यात एकच नक्षी राहते, शेवटची पाठवलेली. ती अर्धी कोयरी. तिनं एकदा खिडकीतली पेन्सिल उचलली, कागदावर वैतागलेलं बदक काढायला घेतलं. चोचीपर्यंतही पोचली नाही. घड्याळ आता थरथरत नाही. नवरा स्वतःचा चहा स्वतः करतो आणि तिलाही देतो. तो चहा गार होतो.

आता माझी शेवटची विनवणी. तुमच्याकडं माझी कुणी बहीण असेल आणि ती टकटकत असेल, तर घरात कोण शिकलेलं आहे ते बघू नका. ज्याला ऐकू येतंय त्याचं खरं धरा. माझं तर संपलं.

परवा तिनं तो डबा काढला. लेक आणि जावई आलेले होते. चिठ्ठी, पेन, चिकटपट्टी. लेक तिच्या हाताला बिलगली. "आई, नको ना लिहूस त्यांचं नाव. रोज रडतात गं ते."

"डब्यात खोटं जात नाही, तुला माहीत आहे."

"लिहू दे त्यांना," जावई म्हणाला. "चूक माझीच आहे."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं. ह्यांनाही नाही, त्या टायवाल्यालाही नाही. बहिऱ्याला काय दोष लावायचा?" तिनं पेन दोन्ही हातांनी धरलं, कारण एका हातानं आता धरवत नाही. "जिला ऐकू आलं होतं आणि जिनं पंखा आहे म्हणून कागद रद्दीत दिले, तिचं नाव लिहायचं."

खोटं आहे हे, असं मला ओरडायचं होतं. पण टकटकायला आता माझ्यात सुईच उरली नाही.

ती वाकडीतिकडी अक्षरं काढत गेली, आणि एकेक मोठ्यानं म्हणत गेली. ट ला काना, टा. क ला मात्रा, के. ब ला काना, बा. मग ई.

टाकेबाई.