चिठ्ठीवर लिहिलेला कोयता

मुद्देमाल क्रमांक एक. लोखंडी कोयता, मूठ लाकडी, पात्यावर लालसर डाग...

नाही. असं नको. हे माझ्या गळ्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. पुन्हा सुरू करतो.

मित्रांनो, मी ऊस तोडायचा कोयता आहे, आता जुना झालेला. ढोकीच्या बाजारात रेवणप्पा लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. धार काढताना तो थांबला आणि समोर उभ्या मुलीकडे बघत म्हणाला, "डावरी हायस व्हय गं?" मग त्याने माझी धार दुसऱ्या अंगाने काढली. उजव्या हाताने मला चालवलं, तर मी उसावरून सटकतो. एवढं लक्षात ठेवा. मला ते कुणाला सांगता आलं नाही.

ती मुलगी वैष्णवी. सतरा वर्षांची, अकरावीत शिकणारी, सुट्टीत आई-बापांसोबत तोडीला आलेली. टोळीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाच्या यादीत तिचा बाप धोंडीबा आणि आई मथुराबाई असा एक कोयता होता. वैष्णवी यादीत नव्हती. शिकणारी पोर तोडीला आणली हे बाहेर कळू नये, म्हणून तिचा ऊस आई-बापाच्या नावावर जाई. म्हणजे मी रोज राबत होतो, पण कागदावर नव्हतो. संध्याकाळी ती मला पुसून कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, कुडाला अडकवी. धोंडीबा हसे, "पोरीपरीस पोरीचा कोयता चकचकीत!"

एका सांजेला मुकादमाच्या माणसावर, वैजनाथवर, गाडीवाटेत कुणीतरी मागून वार केला. तो वाचला, पण मारणाऱ्याचं तोंड त्याला दिसलं नव्हतं. सकाळीच त्याचं धोंडीबाशी भांडण झालेलं. त्याने धोंडीबाचं नाव सांगितलं.

त्या वेळी मी कुठे होतो? रेवणप्पाच्या भट्टीत, पुन्हा तापवून धारेला पाणी द्यायला. वैष्णवी शेजारी पोत्यावर बसली होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. धोंडीबाचा कोयता उसाच्या फडातच राहिला होता. कुडाला मी होतो. जमादाराने मला काढलं. "हा तुझाच का?"

धोंडीबाने मुलीकडे पाहिलं. मुलीचा म्हणावं, तर पोर तोडीला होती हे उघडं पडणार, आणि तिलाच चौकीवर नेलं तर?

"व्हय," तो म्हणाला. "माझाच."

दोन पंचांनी न बघता अंगठे उठवले. भट्टीत तापून पात्यावर आलेला तांबूस रंग 'लालसर डाग' झाला. कापड, सुतळी, लाख, आणि गळ्यात चिठ्ठी.

इथे अकरा महिने आहेत.

अंधार.

चौकीतल्या मुद्देमालाच्या खोलीबाहेर पावलं वाजली, की मला वाटे, आता कोर्टात नेतील. मी पुरावा होतो, आणि खोटा होतो. माझ्यामुळे एक माणूस तुरुंगात होता, आणि मला तोंड नव्हतं.

इथे अकरा महिने संपतात.

कोर्टात माझी लाख फोडली. धोंडीबाच्या बाजूने शिवलिंगप्पा वकील होते, सरकारने फुकट नेमून दिलेले. मला वर धरताच मागच्या बाकावरून आवाज आला, "साहेब, त्यो माझा हाय!"

"गप बस, वैशे! माझा हाय त्यो!" पिंजऱ्यातून धोंडीबा ओरडला.

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. "इथं असं मधेच बोलता येत नाही."

नंतर व्हरांड्यात काय झालं, ते मला वैष्णवीकडूनच कळलं. शिवलिंगप्पांनी तिला बाजूला घेतलं. "पोरी, कोयता तुझा म्हणलीस, तर वारही तूच केलास का, असं सरकारी वकील इचारतील. मग?"

"म्या भट्टीवर हुते."

"मग आदी का न्हाय बोललीस?"

"बापानं शपथ घातली हुती. शिक्षान बंद पडंल म्हणला."

"आन शिकून काय करणार हायस?"

ती कोर्टाच्या दाराकडे बघू लागली. "कोर्टात कवा बोलायचं, तेवढं तरी शिक," म्हणत त्यांनी खिशातले शेंगदाणे तिच्या हातावर ठेवले. डाव्या.

साक्षीदार: रेवणप्पा, धंदा लोहारकाम.

प्रश्न: एवढे कोयते करता, हाच कसा लक्षात राहिला?

उत्तर: डावरं गिऱ्हाईक वर्साला एखांदं येतं, साहेब. तुमी तरी किती डावरे वकील बघितले?

(कोर्टात हशा.)

प्रश्न: त्या सांजेला कोयता कुठे होता?

उत्तर: माझ्या भट्टीत. लालभडक. पोर तितंच हुती.

वार माझा नव्हताच हे ठरलं, आणि धोंडीबा सुटला. मला परत मागायचा अर्ज शिवलिंगप्पांनी वैष्णवीलाच लिहायला लावला. 'मालक' या शब्दापुढे तिने आपलं नाव लिहिलं. कोर्टात दिलेला तो तिचा पहिला कागद. मग बारावी, धाराशिवला पाच वर्षं कायदा, सनद, आणि शिवलिंगप्पांच्या टेबलाची एक कड. मी तिच्या खोलीत कपाटावर पडून राहिलो. ती पुस्तकांत गढली. मला गंज चढला. माझी तक्रार नाही.

पण काल तिला पहिला स्वतःचा खटला मिळाला. जळकोटचा सिद्धेश्वर, मारहाणीचा आरोप. जप्त केलेली काठी त्याचीच, असं पंचनाम्यात लिहिलं आहे. त्यानेच कबूल केलं म्हणे.

वैष्णवी जेवली नाही. तिने मला खाली काढलं, मूठ डाव्या हातात धरली आणि स्वतःशीच म्हणाली, "कुणासाठी व्हय म्हणला असंल त्यो?"

आज सकाळी ती कोट घालून त्याला भेटायला तुरुंगात गेली आहे. दुपार झाली. अजून परतली नाही. काठी माझीच, असं त्याने तिलाही सांगितलं असेल का? तिने विश्वास ठेवला असेल का?

मित्रांनो, मला तेल लावा, असं मी म्हणत नाही. लोखंडाला गंज चढायचाच. पण कुणाच्या गळ्यात अशी चिठ्ठी दिसली, तर ती वाचून पुढे जाऊ नका. मूठ कुणाच्या हाताने झिजली आहे, तेवढं एकदा बघा.

जिन्यावर पावलं वाजताहेत.