कसाऱ्याची ठकू

श्रावणात नाशिकहून जावयाचा फोन आला. वैष्णवी बाळंतपणात अडली होती, संध्याकाळपर्यंत वाट बघून ऑपरेशन करायचं ठरलं होतं. शेणव्याच्या गिरजाने निंदणी अर्धी टाकली आणि आसनगाव गाठलं. कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून घाट चढणारी नाशिकची गाडी, एवढं जावयाने समजावलं होतं. कसाऱ्यापलीकडे ती कधी गेली नव्हती.

कसाऱ्याला उतरली तर घाटात दरड कोसळून गाड्या थांबलेल्या. गिरजा स्टेशनाबाहेर पायरीवरच बसली. शेजारी काकड्या विकणाऱ्या बाईने विचारलं, "कुठं जायचं गो?"

गिरजाने सगळं सांगितलं.

"मंग बसलीस कशाला? रस्ता चालू हाय. जीपा जातात नाशकाला."

बाई ठकू, रुळांच्या वरच्या आदिवासी पाड्यावरची. काकड्यांची पाटी तशीच सोडून ती गिरजाला जीपांकडे घेऊन गेली. दिनेशची जीप भरत आली होती. "दिनेश, हिची पोर दवाखान्यात हाय. पयली हिला सोड."

जीप भरेपर्यंत ठकूने फडक्यातली नाचणीची भाकर पुढे केली. पाड्यावरच्यांच्या हातचं गिरजाच्या घरात कोणी खात नसे. तिने घेतली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"गाडी कधी सुटंल?" तिने घाटाकडे बघत विचारलं.

"सुटंल. हा रूळ टाकला तवा आमच्या पाड्याचीच माणसं दगड फोडत होती, म्हातारे सांगायचे. माझा सासरा दरडी उचलायला जायचा. आता लेक गेलाय, सकाळधरनं."

दिनेशने जीप सरळ दवाखान्याच्या दारात नेली. जीपमधल्या बाकीच्यांनी कुरकुर केली नाही. वैष्णवीला आत नेण्याआधी आईचा हात हातात मिळाला. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

सव्वा महिन्यानंतर गिरजा लेकीला आणि नातीला घेऊन रेल्वेनेच घाट उतरली. कसाऱ्याला ठकू होती. गिरजा शेजारी बसली आणि तिने बाळ ठकूच्या मांडीवर ठेवलं.

"तू नसतीस तर मी इथंच रडत बसले असते, ठकूबाय."

"रडली असतीस, मंग उठली असतीस," ठकू म्हणाली. बाळाने तिचं बोट धरलं होतं. "नाव काय ठेवलं?"

"नाय अजून. बारसं घरी करायचंय. तू ये, शेणव्याला. जेवायला."

ठकूने तिच्याकडे पाहिलं. "येन," ती म्हणाली.

आसनगावकडची लोकल सुटायला आली. वैष्णवीने तसं सांगितलं, पण गिरजा ठकूजवळून उठली नाही; लोकल सुटून गेली.