निळ्या झाकणाची बाटली

बाटलीने इंजिनाचा आवाज जातो, असं ज्या दिवशी ह्यांनी कबूल केलं, त्याच दिवशी मला संशय यायला हवा होता. जो माणूस जन्मभर त्या बाटल्यांच्या नावाने बोटं मोडत आला, तो एका सकाळी उठून त्यांचे गुण गाईल कसा? पण मी दमले होते. दमलेल्या माणसाच्या कानावर बरी बातमी पडली की तो ती तपासत बसत नाही, गुमान पदरात पाडून घेतो.

आमचं मोटरसायकलींचं गॅरेज आहे. पुढे शटर, आत दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, बाजूला माझं काउंटर, आणि मागे आम्ही दोघं राहतो ती दीड खोली. हे इंजिनं खोलतात. मी प्लग, केबल, ऑइलचे डबे काढून देते आणि गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकून घेते. सगळे ह्यांना मिस्त्री म्हणतात. मिस्त्रींचं नाव झालं ते हातामुळे नाही, कानामुळे. लांब दांडीचा एक जुना स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, टॅपेट वाजतंय. नाहीतर, बेअरिंग चाललंय, अजून थोडे दिवस ओढेल. इंजिन उघडलं की तेच निघायचं. शोरूमवालेसुद्धा अडलं की गाडी पाठवायचे, जरा मिस्त्रींचा कान लावून घ्या म्हणून.

आणि मला त्या आवाजांचा वीट आला होता. त्यात लाजायचं काय? सकाळी शटर वर गेल्यापासून कोणी रेस देतंय, कोणी हातोडी हाणतंय, कोणाचा सायलेन्सर फुटलाय. उशीवर डोकं टेकलं तरी डोक्यात इंजिन चालूच. लेकीने तिच्या नव्या घरात आमच्यासाठी एक खोली ठेवलीय, मागच्या अंगाला. तिथे पंख्याशिवाय दुसरा आवाज नाही. मी ह्यांना बजावलं होतं की एवढं वर्ष सरलं की मी काउंटर सोडणार, तुम्हाला इंजिनं सोडवत नसतील तर बसा त्यांना कवटाळून. हे म्हणाले होते, बरं. ह्यांचं 'बरं' म्हणजे काय ते मला लग्नापासून ठाऊक आहे, पण या वेळी मीही हट्टाला पेटले होते.

बाटलीवाला महिन्यातून एकदा यायचा. त्याचं खरं नाव विचारायची कोणाला कधी गरज पडली नाही. लाल झाकणाची बाटली पेट्रोलमध्ये टाकायची, निळ्या झाकणाची ऑइलमध्ये. म्हणे कार्बन साफ होतो, पिस्टनला थर बसतो, आवाज जातो, ॲव्हरेज वाढतं. हे हसायचे. अरे, झिजलेल्या इंजिनाला टॉनिक पाजून ते बाळसं धरत नसतं, म्हणायचे. ऑइल वेळेवर बदला, हे एक औषध पुरे. शिवाय मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात भलतंसलतं ओतलंत आणि क्लच घसरायला लागला, तर चढावर बसा ढकलत. बाटलीवाला चहा प्यायचा, दोन बाटल्या काउंटरवर नमुना म्हणून ठेवायचा आणि निघून जायचा. त्या बाटल्यांवर धूळ बसायची, ती पुसायचं काम माझं.

हिवाळ्यात ह्यांना ताप आला. साधासुधा नव्हे, अंथरुणाला खिळवणारा. उतरला तोवर माणूस निम्मा झाला होता. पहिल्यांदा उठून गॅरेजात येऊन बसले आणि नेमका बाटलीवाला हजर. आजारपणाने ह्यांची जीभही मऊ पडली असावी. म्हणाले, आण, माझ्याच गाडीत ओत, एकदाचं तुझं समाधान होऊ दे. ह्यांची स्वतःची गाडी म्हणजे दिव्याखालचा अंधार. जगाची इंजिनं नीट करतील, पण हिचं टॅपेट कित्येक वर्षं टिकटिकतंय त्याला हात लावायला सवड नाही. बाटली ओतली, किक मारली, ह्यांनी कान लावला.

"गेला की गं आवाज," म्हणाले.

मला तर येत होता. टिक टिक टिक, रोजच्यासारखा. पण इंजिनाच्या बाबतीत मी ह्यांना खोटं पाडायचं? थोडा कमी झाला असेल, मला तेवढा बारीक फरक कळत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली.

तिथून पुढे येईल त्याला निळी बाटली. लोक घ्यायचे, कारण मिस्त्री सांगतायत. गंमत अशी, की गाडी चालू केल्यावर गिऱ्हाइकालाही आवाज येतच असणार. पण हे डोळे मिटून म्हणायचे, ऐका, किती शांत झालीय, आणि तो माणूस मान डोलवायचा. स्वतःच्या कानापेक्षा ह्यांच्या कानावर लोकांचा भरवसा जास्त. मी तरी कुठे वेगळी होते?

एका रविवारी लेक आली. नातीने तिची छोटी सायकल आणली होती, नव्या कोऱ्या घंटीसकट. आजोबा पाठमोरे बसून कार्बोरेटर धूत होते. ती मागून आली आणि किणकिण किणकिण घंटी वाजवत सुटली, आजोबा बघा ना, आजोबा बघा ना. तिचा गळाही त्या घंटीसारखाच, बारीक. ह्यांनी मान वर केली नाही. पोरीचं तोंड एवढंसं झालं. लेक आत येऊन मला म्हणाली की बाबा हल्ली हिच्याशी धड बोलत नाहीत, हिचं काही चुकलं का. मी आतूनच ह्यांना हाक मारली. माझा आवाज म्हणजे गिरणीचा भोंगा. हे लगेच वळले, नातीला पाहून हरखले, आणि तिलाच विचारायला लागले की तू कधी येऊन उभी राहिलीस.

माझ्या हातातली कपबशी हातातच राहिली. ह्यांचे बारीक आवाज तेवढे गेले होते. घंटी, नात, टॅपेट. इंजिनं काही गप्प झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आडून सांगून पाहिलं, तापानंतर कानात मळ साठतो म्हणे, एकदा दाखवून या. ह्यांनी हसण्यावारी नेलं. या कानावर घर उभं राहिलंय, म्हणाले, त्यात कसला मळ साठतोय? पालथ्या घड्यावर पाणी. मीही पुढे रेटलं नाही. ज्या माणसाकडे मिरवायला एकच गोष्ट आहे, तीच गेली हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि न सांगावं तर आतलं दुखणं तसंच ठेवून रोज एक गाडी रस्त्यावर जातेय. दोन्ही गोष्टी मला दिसत होत्या आणि मी रोजचं उद्यावर ढकलत होते. दमलेलं माणूस मनाने वाईट नसतं हो, नुसतं उद्यावर ढकलतं.

मग एका संध्याकाळी सिस्टर आली. टेकडीपलीकडच्या दवाखान्यात नर्स आहे, म्हणून सगळे तिला सिस्टरच म्हणतात. ह्यांच्या तापात रोज वाट वाकडी करून इंजेक्शन द्यायला येत होती. तिने गाडी आत घेतली तशी मी काउंटरवरून उठलेच. इंजिनातून खळखळ येत होती, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी. तीही म्हणाली, काका, चार दिवस झाले, आत काहीतरी सुटल्यासारखं वाजतंय, आणि मला आता कामावर पोचायचंय. ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले, आणि तोंडभर हसून म्हणाले की काही नाही, किरकोळ आहे, बाटली टाकू.

"निळी दे गं," मला म्हणाले.

मी निळी काढली. हे हात पुसायला चिंधी शोधत होते, तेवढ्यात म्हटलं, मीच ओतते. ऑइलचं झाकण उघडलं, वाकले, जरा वेळ तशीच थांबले आणि झाकण पुन्हा लावलं. बाटली सरळ ॲप्रनच्या खिशात. अजूनही मनात एक वेडी आशा होती, की चूक माझीच असेल. ती एकदा पारखून घ्यायची होती. ह्यांनी गाडी चालू करायला सांगितली. सिस्टरने बटण दाबलं. खळखळ होती तशीच. हे कान लावून ऐकत राहिले आणि समाधानाने उठले.

"बघ. गेला."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. तिला स्वच्छ ऐकू येत होतं, चेहराच सांगत होता. पण म्हणाली काय, तर काका म्हणतात म्हणजे गेलाच असेल. आणि हेल्मेट चढवायला लागली. पुढे टेकडीचा उतार. चालत्या गाडीचं इंजिन आत अडकलं तर मागचं चाक जागच्या जागी आवळतं, हे मी याच गॅरेजात कितीदा ऐकलंय, ह्यांच्याच तोंडून. मी काउंटरमागून आले, हात घातला आणि चावी काढून घेतली.

"सिस्टर, ही गाडी आज रस्त्यावर जाणार नाही," मी म्हटलं. "माझी स्कूटर घेऊन जा."

तिने आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नर्स आहे, तिला उमगलं असणार. काही न विचारता स्कूटर घेऊन गेली.

हे संतापले. गिऱ्हाइकासमोर माझी अब्रू घालवलीस, म्हणाले. जन्म गेला डबे उचलण्यात आणि आता मला इंजिन शिकवतेस, म्हणाले. आणखी बरंच काही. मी सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून बाटली काढून त्यांच्यासमोर ठेवली. निळ्या झाकणाभोवतीचं सील जसंच्या तसं होतं.

त्यांनी ती उचलली, उलटसुलट केली, सीलवरून अंगठा फिरवला.

"मग मी काय ऐकलं?"

"काहीच नाही. तापापासून तुम्हाला ते ऐकूच येत नाही."

त्यांना ऐकू जावं म्हणून मला हे मोठ्याने बोलावं लागलं. एवढं वाईट वाक्य आणि तेही ओरडून. मला रडूच फुटलं.

ते रडले नाहीत, भांडलेही नाहीत. गाडी चालू कर म्हणाले. मी चालू केली. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, एका जागी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. या कानाला लावून झाला, त्या कानाला लावून झाला. मूठ दातात धरून पाहिली. शेवटी त्यांनी तो माझ्यापुढे केला.

"तू ऐक. आणि सांग."

इतक्या वर्षांत मी त्याला फक्त फडकं मारून खिळ्याला अडकवलं होतं. कानाला लावला आणि दचकलेच. जणू इंजिनाच्या पोटात डोकं घातलं. त्यांनी टोक धरून फिरवलं आणि मी सांगत गेले. इथे नाही. इथे धडधड आहे, पण एकसारखी. इथे, डावीकडे, वर, खळखळ, सैल साखळी पेटीत आपटावी तशी. रेस दिली की दबते, सोडली की वाढते.

"टाइमिंग चेन," ते म्हणाले. "तिला ताणून धरणारा टेन्शनर गेलाय."

डावीकडचं कव्हर उघडलं. चेन लोंबत होती आणि आतल्या बाजूला घासून घासून चर पडला होता. त्या चराकडे पाहत ते खाली पालथ्या क्रेटवर बसले. उतारावर तुटली असती, एवढंच म्हणाले. मग जिचं जिचं इंजिन तापानंतर 'शांत' करून सोडलं होतं, ती ती गाडी आठवायला लागले. शाळेतले मास्तर. पाववाला. पाण्याच्या टाकीजवळचे दोघे भाऊ. कान गेला होता, पण एकही गाडी विसरले नव्हते. मी फोन हातात घेतला. म्हटलं, मिस्त्रींनी पुन्हा तपासायला बोलावलंय एवढंच सांगते.

"नको," ते म्हणाले. "मिस्त्रींचा कान गेलाय म्हणून सांग. नाहीतर येणार नाहीत."

सांगितलं. एकेकाला, ह्यांच्यासमोर बसून, ह्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. कोणी वाईट बोललं नाही, तेच जास्त लागलं. मास्तर म्हणाले, आवाज मलाही येत होता हो वहिनी, पण मिस्त्री म्हणतायत म्हटल्यावर मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलं. पाववाल्यानेही तेच सांगितलं. दोघा भावांनीही तेच.

शेवटचा फोन लेकीला लावला. बाबांना सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंय, तू बरोबर ये, म्हटलं. ती रडली. मग तिने खोलीचं विचारलं, पडदे कोणते लावू म्हणाली. मी म्हटलं, पडदे राहू दे, सध्या पोरीची सायकल ठेव तिथे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाड्या येऊन उभ्या राहिल्या. मी काउंटरची खुर्ची उचलली, ह्यांच्या स्टुलाशेजारी नेऊन ठेवली आणि खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर काढला. पहिली मास्तरांची होती. ह्यांनी टोक इंजिनाला टेकवून धरलं, मी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. ज्या खडखडाटाला जन्मभर शिव्या घातल्या तो आता मलाच ऐकायचा होता, दोघांच्या वाट्याचा.