मामांची बॅकअप ड्राइव्ह

"ही बटणांची," संगणकवाल्याने छोटीशी ड्राइव्ह टेबलावर ठेवली. "आकडा दाबल्याशिवाय उघडत नाही. दहादा चुकलात की आतलं सगळं साफ. आणि ही साधी. हिला कॉम्प्युटरवरून पासवर्ड घालायचा. स्वस्त पडते, पण लोक कंटाळा करतात आणि उघडीच ठेवतात."

"मामा, घरी तुम्ही नेता. तुम्हीच निवडा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मनोविकारांच्या त्या दवाखान्यात मामा बावीस वर्षं कारकून होते. दवाखान्याला आग लागली तरी रुग्णांच्या नोंदी शिल्लक राहाव्यात, म्हणून त्यांची प्रत असलेली ड्राइव्ह मामांनी दर शनिवारी खिशातून घरी न्यायची, सोमवारी परत आणायची. या कानाचं त्या कानाला कळू न देणारा माणूस अशी मामांची ख्याती. पण भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. महिन्यापूर्वी ड्राइव्ह घरी टेबलावर राहिली आणि बायकोने नातवाचे फोटो भरायला ती कॉम्प्युटरला लावली. आत शेजारच्या गल्लीतल्या शिक्षिकेचं नाव दिसलं. बायकोने सगळं वाचलं.

"मी फक्त ताईला सांगितलं हो," एवढंच तिचं म्हणणं. ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही. आठवड्याभरात गोष्ट शाळेपर्यंत गेली. शिक्षिका दवाखान्यात यायच्या थांबल्या. त्यांची मंगळवारची अकराची वेळ मामा अजून कुणालाच देत नव्हते.

"बटणांची घेऊ," मामा म्हणाले.

"मग आठ आकडे ठरवा, मामा. मी बघत नाही," असं म्हणून संगणकवाला पावतीपुस्तक आणायला गाडीकडे गेला.

"तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त असते," बाई म्हणाल्या. "त्या शिक्षिका मात्र का येईनात, कळत नाही. माझंच काही बोलणं चुकलं असेल."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ड्राइव्ह बाईंकडे सरकवली.

"आकडा तुम्हीच ठरवा. मला सांगू नका."

"का हो?"

मामांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. "बायकोनं वाचलं, पण उघडी मीच टाकली होती. आणि महिनाभर तुमच्यापासून लपवलं तेही मीच."



"त्यांना आज फोन करते. झालं ते सांगायला हवं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ड्राइव्ह जवळ ओढली. आकडा दाबताना त्यांनी दुसरा हात आडवा धरला. मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि आठही बटणं दाबून होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.