साठ मिनिटांत बसवलेली त्रेसष्ट मिनिटं

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो, एवढं मला नक्की ठाऊक आहे. त्यापुढचं सांगायला गेले की माझा गोंधळ होतो.

माझ्या पोटात एक रॉक अल्बम आहे. इंग्लंडमधल्या चार जणांनी तो १९८२ साली केला. तेव्हा तिकडे न्यू वेव्ह नावाच्या नव्या संगीताची चलती होती. त्यातले बरेच जण गाजले, हे चौघे मात्र मागेच राहिले. त्यांची एक रेकॉर्ड नारायण पेठेत रंगरावांच्या दुकानात कशी आली, ते मला माहीत नाही. रंगराव लोकांना हवी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून देत. ही रेकॉर्ड मात्र सहा वर्षं कुणी मागितली नव्हती.

१९९१ साली कॉलेजात नुकताच गेलेला दत्तप्रसाद दुसराच एक प्रसिद्ध अल्बम शोधत दुकानात आला.

"तो नाही. हा घेऊन जा," रंगराव म्हणाले.

"चांगला आहे का?"

"मी फक्त भरतो. ऐकायचं काम तुझं."

अशी मी जन्माला आले आणि दत्तप्रसादच्या घरी गेले. पहिल्या दिवशी मी त्याला आवडले नाही. या अल्बमला मोठा आवाज करून लक्ष वेधून घेणं जमत नाही. त्यातली गायिका शेजारच्या खोलीतून कुणाशी तरी बोलावं तशी गाते. चौथ्या गाण्यात ड्रम अचानक थांबतात आणि बेस गिटार आठ मात्रा एकटीच चालत राहते. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, काहीतरी बिघडलं. पाचव्यांदा ऐकताना आपण त्या आठ मात्रांची वाट बघत असतो. दत्तप्रसादने मला पाचव्यांदा लावलं आणि मग तीन वर्षं रोज लावलं. गिटार तो माझ्याकडूनच शिकला. तारासुद्धा माझ्याशी जुळवून लावायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग त्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगसाठी त्याने आणि त्याच्या ऋषी नावाच्या मित्राने मिळून माझ्यातलं चौथं गाणं बसवायला घेतलं. ऋषी कीबोर्ड वाजवायचा, ड्रम आणि बेसही त्यातूनच काढायचा. तालमीसाठी मीही सोबत जायची. दत्तप्रसाद गिटार कीबोर्डशी जुळवून घ्यायचा, पण गाणं रंगात आलं की त्याचा हात आपोआप खुंटीकडे जायचा आणि तो तारा थोड्या वर चढवायचा.

"परत वर गेलास," ऋषी म्हणाला. "तुला कान आहेत की नुसते चष्म्यासाठी आहेत?"

हे रोजच होऊ लागलं. गॅदरिंग तीन दिवसांवर आलं तेव्हा दत्तप्रसाद घरी आला, गिटार पिशवीत घातली आणि बहिणीला म्हणाला, "ताई, ही कुणालातरी देऊन टाक. मला कानच नाहीत. शनिवारी मी वाजवणार नाही."

त्याची बहीण शेफाली भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. ती कमी बोलायची. तिने विचारलं, "तू कधी खालीही जातोस का?"

"नाही. दर वेळी वरच."

"दर वेळी तेवढाच?"

"ऋषी म्हणतो, तेवढाच."

"मग तुझे कान उत्तम आहेत. कान नसलेला माणूस कधी वर चुकेल, कधी खाली. रोज सारखंच चुकायला कान लागतात. चूक दुसरीकडे आहे."

तिने स्टॉपवॉच घेऊन माझं चौथं गाणं मोजलं. बरोबर चार मिनिटं. शेजाऱ्यांच्या टेपवर लावलं, तरी तेवढीच. मग दोघं मला घेऊन रंगरावांकडे गेली. त्यांनी मूळ रेकॉर्ड लावली. तेच गाणं चार मिनिटं बारा सेकंद चाललं.

"पाच टक्के," शेफाली म्हणाली. "अहो रंगराव, ही कॅसेट पाच टक्के जास्त पळते. म्हणून सूरही चढलाय."

"पळणारच," रंगराव शांतपणे म्हणाले. "रेकॉर्ड त्रेसष्ट मिनिटांची. याने कॅसेट आणली साठची. मग भरताना रेकॉर्ड जरा पळवली. नाहीतर शेवटचं गाणं मध्येच तुटलं असतं, आणि भांडायला तुम्हीच आला असता."

"पण सांगायचं तरी!"

"विचारलं होतं का?"

दत्तप्रसादचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तो रेकॉर्ड ऐकत होता. माझ्यातली गायिका निघायच्या घाईत असल्यासारखी, जरा आनंदात गाते. ही गायिका थकलेली होती. त्या आठ मात्राही लांब वाटत होत्या.

"मग मी तीन वर्षं काय ऐकलं?" त्याने विचारलं.

मित्रांनो, मलाही तेच विचारायचं होतं. मी एकाच वेळी खरी आणि खोटी कशी असू शकते?

शनिवारी सकाळी दत्तप्रसादने ऋषीला सगळं सांगितलं. ऋषीने स्टॉपवॉचचे आकडे दोनदा वाचले. मग सूर बारीक वर करण्याचं कीबोर्डवरचं बटण फिरवत तो पुटपुटला, "बरं बाबा, मीच येतो वर." त्या संध्याकाळी माझं चौथं गाणं माझ्याच गतीने स्टेजवर वाजलं. ड्रम थांबले तेव्हा मागच्या रांगेतल्या मुलांनी शिट्ट्या मारल्या, त्यांना वाटलं वायर निघाली. आठ मात्रांनंतर ती गप्प झाली होती.

पुढे दत्तप्रसाद सॉफ्टवेअर कंपनीत लागला. घरात सीडी आल्या आणि मी नऊ वर्षं खणात पडून राहिले. माझ्या फितीला बुरशी धरली. २००४ साली एका रविवारी त्याने मला पुसून, वाळवून संगणकात भरून घेतलं. गती दुरुस्त करायची का, असं संगणकाने विचारलं. त्याने शेफालीला फोन लावला.

"करू का गं?"

"मूळ नोंद कधी खोडायची नाही," ती म्हणाली. "चूक किती आहे ते शेजारी लिहून ठेव."

त्याने माझ्या नावापुढे 'पाच टक्के जलद' असं लिहिलं आणि मला होते तशीच ठेवलं.

मी बरोबर की रेकॉर्ड बरोबर, हे मला आजही कळलेलं नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी कॅसेट असेल, तर टाकून देण्याआधी तिला एकदा पुसा, वाळवा आणि शेवटपर्यंत ऐका. आणि कुणाचा सूर तुमच्या सुराशी जुळला नाही, तर त्याला बेसूर म्हणण्याआधी एवढंच विचारा, की बाबा, तू कुणाकडून शिकलास?