राहणार कुठले

शहादेवला प्रश्नांची उत्तरं द्यायची सवय नव्हती. लकव्यानं उजवं अंग गेलं तेव्हापासून बीडच्या दवाखान्यात डॉक्टर विचारोत की केजच्या तहसीलात कारकून, बोलायची ती त्याची बायको सरूबाई. वय काय, दुखतं कुठं, भाकरी किती जाते, सगळं तीच सांगायची. हा शेजारी बसून मान हलवायचा. सरकारच्या निराधार योजनेतल्या महिन्याच्या पगाराचा अर्ज तिनंच त्याच्याकडून करून घेतला. "आता तलाठी घर बघून गेला की झालं," असं म्हणाली, आणि तलाठी यायच्या आत तापानं गेली.

तिच्यामागं घरात चूल पेटवायला कोणी उरलं नाही. म्हणून लेक वनिता आणि जावई विलास त्याला दिंद्रुडला न्यायला टेम्पो घेऊन आले. घर सगळं टेम्पोत चढलं. दाराला कुलूप घालायचं तेवढं राहिलं होतं, तोच तलाठ्याची मोटारसायकल दारात थांबली.

तलाठी ओट्यावर बसला. कागद मांडीवर घेतला. "निराधारच्या चौकशीला आलोय. पूर्ण नाव सांगा."

शहादेवनं मागं वळून पाहिलं. मागं नुसतं दार होतं. मग त्यानं आपणच नाव सांगितलं.

"राहणार?"

शहादेवला वाटलं, इथून पुढं कुठं राहणार ते विचारतोय. हे तर त्याला पक्कं माहीत होतं. "दिंद्रुडला," तो म्हणाला. "लेकीकडं."

तलाठ्यानं पेनाला टोपण घातलं. "दिंद्रुड माजलगाव तालुक्यात. मग इथं अर्ज कावून केला? हा बंद करा, तिकडं नवा करा."

"दादा, राहणार म्हंजे गाव विचारतेत, गाव!" वनिता बापावर ओरडली.

"मंग राहणार न्हाई का मी तुझ्याकडं?"

"राहणार हो मामा, पण राहणार म्हणायचं न्हाई," विलास म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्यालाच कळेना.

शहादेवला आता चूक कळली. नवा अर्ज म्हणजे पुन्हा दवाखाना, पुन्हा रांगा, पुन्हा प्रश्न. आणि उत्तरं द्यायला हा एकटा. पगाराशिवाय लेकीच्या दारात जायचं म्हणजे गोळ्यांसाठीसुद्धा जावयाच्या तोंडाकडं बघायचं.

शेजारची ताराबाई हातातला झाडू घेऊनच आली. "साहेब, बायको गेल्यापासून येड्यावानी करतेत ते. इथलेच हायती. लेकीकडं गेलते, आत्ता परत आले."

तलाठ्यानं टेम्पोकडं पाहिलं. "म्हणजे हे सामान आणलंय? न्यायचं न्हाई?"

"आणलंय," ताराबाई म्हणाली.

"मग उतरवा की. मी बसतो. चहा तेवढा टाका."

गॅस टेम्पोत होता. चहा ताराबाईच्या घरून आला. तलाठी फुंकर मारत पीत राहिला आणि विलास भांडी, पेटी, बाज एकेक आत नेत राहिला. शहादेवच्या जवळून जाताना म्हणाला, "मामा, सकाळधरून हेच चढवलं मी."

"हळू बोल," वनिता म्हणाली.

तलाठी घरात डोकावला. "किती माणसं घरात?"

"दोघं," शहादेव म्हणाला. मग म्हणाला, "न्हाई. एक."

तलाठ्यानं त्याच्याकडं पाहिलं, आणि लिहिलं. पंच म्हणून ताराबाईची सही घेतली, तिच्या नवऱ्याला शेतातून बोलावून त्याची घेतली. जाताना म्हणाला, "मंजुरी येईपर्यंत गाव सोडू नका. वरून कोणी आलं अन् दाराला कुलूप दिसलं तर मी गोत्यात येईन."

"मंजुरी कधी येती?"

"मिटिंग झाली की."

"मिटिंग कधी हाय?"

"ते वरचे ठरवतेत. मला कोण विचारतंय?"

मोटारसायकल दिसेनाशी झाली तसा विलास म्हणाला, "चढवू का परत?"

वनिता बापाकडं पाहू लागली. शहादेवला हो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "नगं. एवढं तिनं करून ठिवलंय."

"अन् भाकरी कोण घालील?"

"मी हाय की," ताराबाई म्हणाली. "तू जा बाई. पोरं शाळेतून येतील."

वनिता रडतरडत टेम्पोत बसली. रिकामा टेम्पो खडखडत गेला. शहादेव भिंतीला धरून आत आला, बाजेवर आडवा झाला, आणि उठायला गेला तर उठवेना. विलासनं घाईत बाज उलटी लावली होती. चालणारा डावा हात भिंतीकडं, मेलेला उजवा मोकळ्या बाजूला. बराच वेळ तो तसाच पडून राहिला. पगारासाठी थांबलो, की तिनं केलेला अर्ज मोडवेना म्हणून थांबलो, ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं हाक मारली, "ताराबाई, बाज फिरवून दे गं."

ताराबाईनं त्याला बसता केलं, बाज फिरवली. "आता बरं हाय का भावजी?"

शहादेवनं भिंतीकडं पाहिलं, मग दाराकडं. भांडी भलत्याच कोपऱ्यात होती. पेटी खिडकीखाली आली होती.

"ठावं न्हाई," तो म्हणाला.